सुपर सेबरची शेपटी: १/४८ मॉडेलवरच्या तापलेल्या धातूचं एक प्रकरण

प्रकरण एका एफ-१००डी सुपर सेबरचं, म्हणजे अमेरिकी हवाई दलाच्या जुन्या लढाऊ जेट विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं आहे. प्रमाण १/४८, म्हणजे हातात घेतलं तर फूटभर लांबीचं विमान. एका मित्राने केलेलं होतं, आणि केलेलं नीट होतं: सांधे बुजवलेले, पंख सरळ, कॉकपिट सुबक. रंग मात्र त्याचा त्यालाच पटत नव्हता. "चंदेरी दिसतंय, पण धातूचं दिसत नाही. आणि शेपटीचा निळा भाग बघितला की वाटतं कुणीतरी रंग सांडलाय," हे त्याचं म्हणणं. पहिल्यापासून रंगवायची तयारी नव्हती, कारण डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा आणि अक्षरं) लागलेले होते आणि दुसरा संच हाताशी नव्हता. म्हणून अट अशी ठरली की डिकलना धक्का न लावता जेवढं सुधारेल तेवढं सुधारायचं.

मॉडेल मी दिव्याखाली न घेता खिडकीजवळ नेलं. चंदेरी रंग तपासायचा तर उजेड एका बाजूने यायला हवा आणि वस्तू हातात फिरवता यायला हवी. वरून झोत टाकला की सगळ्या चंदेरी छटा एकसारख्या दिसतात. फिरवून पाहिल्यावर जे दिसलं ते असं.

सगळं अंग एकाच रंगाचं. खाली ग्लॉस, म्हणजे चकचकीत, काळा, त्यावर पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमसारखा लॅकर (थिनरमध्ये विरघळणारा, झटपट वाळणारा रंग), त्यावर सॅटिन क्लिअर, म्हणजे अर्धवट चमकणारा पारदर्शक थर. पाठ, पोट, पंख, पंखाखालच्या टाक्या, चाकांचे पाय, नाकाखालची हवेचा वेग मोजणारी पिटो नळी, सगळीकडे तीच बाटली. पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्याच्या तुकड्यांमधल्या सांध्यांच्या रेषा, एकूण एक काळ्या. पंखांच्या पुढच्या कडांवर स्पंजने उठवलेले गडद तपकिरी टवके, चाकांच्या झडपांजवळ चक्क गंजाचे लालसर ओघळ. आणि शेपटीला अपारदर्शक निळ्याचं एक कडं, त्याच्या पुढे तपकिरी कडं, मग एकदम चंदेरी.

मित्राचा हात वाईट नाही. यातली प्रत्येक गोष्ट त्याने सफाईने केली होती. अडचण अशी की प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी दुसऱ्या विमानाची, किंवा विमानाचीच नसलेली, होती.

आधी खरं विमान

एफ-१०० चा पहिला नमुना २५ मे १९५३ रोजी उडाला आणि त्याच उड्डाणात ध्वनीच्या वेगापुढे गेला. समतल उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडणारं अमेरिकी हवाई दलाचं हे पहिलं लढाऊ विमान. त्यामागे प्रॅट अँड व्हिटनीचं जे५७ इंजिन आणि त्याला जोडलेला आफ्टरबर्नर, म्हणजे टर्बाइनच्या मागे, शेपटीच्या नळीत पुन्हा एकदा इंधन जाळण्याची सोय. या नळीभोवतीचा पत्रा साध्या ॲल्युमिनियमचा ठेवून चालत नाही. विमानात वापरतात ते ॲल्युमिनियमचे मिश्रधातू दीड-दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतात, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतंच. म्हणून अशा ठिकाणी टायटॅनियम आणि उष्णता सोसणारं पोलाद येतं. सुपर सेबरमध्ये टायटॅनियमचा वापर त्या काळाच्या मानाने भरपूर होता. मागचा हा भाग उघड्या धातूचाच राहायचा आणि तापून तापून रंग धरायचा. या विमानाची ओळखच ती.

आता उरलेलं अंग. मित्राची गल्लत इथे झाली. पन्नासच्या दशकात ही विमानं उघड्या धातूची असत, हे खरं. पण त्याने डिकलसाठी निवडलेलं विमान साठच्या दशकाच्या सुरुवातीचं होतं. त्या सुमारास 'हाय वायर' या आधुनिकीकरणाच्या कामात ही विमानं आत-बाहेरून तपासली गेली आणि बऱ्याच विमानांच्या अंगावर ॲल्युमिनियमची पूड घातलेला लॅकर चढला. १९६४ मध्ये आग्नेय आशियात गेलेली सुपर सेबर अशी चंदेरीच होती. हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज त्यांच्यावर १९६५ पासून आला.

म्हणजे मित्राच्या विमानाचं अंग उघड्या धातूचं नव्हतंच. ते धातूच्या रंगाने रंगवलेलं होतं, आणि खऱ्या अर्थाने उघडा धातू फक्त शेपटीत होता. रंगवलेल्या चंदेरीत प्रतिबिंब दिसत नाही. तो सपाट, जरा राखाडी असतो, पॅनेलमागून पॅनेल एकसारखा असतो आणि मळतो लवकर. मित्राने नेमकं उलट केलं होतं: अंगाला आरसा आणि शेपटीला डिस्टेंपर.

"अरे, फोटोत निळं दिसतंय ना," म्हणत त्याने फोनवर एक फोटो दाखवला. विमान मोकळ्या आकाशाखाली उभं, घासूनपुसून लख्ख केलेलं, संग्रहालयातलं. पाठीवर निळसर झाक होती, शेपटीवरही.

"पोटाकडे बघ," मी म्हटलं. "तिथे निळं आहे का?"

पोट राखाडी होतं, खालच्या काँक्रीटसारखं. पाठीवरचा निळा आकाशाचा होता. पॉलिश केलेल्या धातूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. समोर जे असेल ते तो दाखवतो. म्हणून फोटोतल्या चंदेरीवरून बाटली निवडायची नसते. संग्रहालयातली विमानं बहुधा पुन्हा रंगवलेली किंवा चमकवलेली असतात, तेव्हा आकार आणि तपशील त्यांच्यावरून घ्यावेत. मळ, डाग आणि झीज मात्र सेवेत असतानाच्या फोटोंवरून. जुने कृष्णधवल फोटो इथे उलट जास्त उपयोगी पडतात, कारण रंग नसल्याने कुठलं पॅनेल गडद आणि कुठलं फिकं एवढंच डोळ्यात भरतं.

गंजाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. लाल गंज लोखंडाला येतो; ॲल्युमिनियम खराब होतं ते पांढरट-राखाडी पूड धरून. टवक्यांचंही तसंच आहे: ॲल्युमिनियमवरचा चंदेरी लॅकर उडाला तर खालून ॲल्युमिनियमच दिसणार, फार तर आजूबाजूपेक्षा थोडं चकचकीत. तपकिरी टवके येतील कुठून? शिवाय १/४८ वर अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिलिमीटरचा. तसे ओळीने पसरलेले असले तर ते विमान आधी दुरुस्तीला गेलं असतं.

शेपटी

सगळ्यात जास्त काम इथे होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजाही इथेच.

तापलेल्या टायटॅनियमवर किंवा पोलादावर दिसणारे पिवळे-जांभळे-निळे रंग कुठल्याही रंगद्रव्याचे नसतात. धातू तापला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक, अतिशय पातळ थर चढतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि थराच्या जाडीप्रमाणे काही रंग उठतात, काही मरतात. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसतात ते रंग याच जातीचे. थर जाड होत जाईल तसे रंग ठरावीक क्रमाने येतात: आधी गवती पिवळा, मग सोनेरी तपकिरी, मग जांभळा, मग गडद निळा, मग फिकट निळा-राखाडी. साध्या पोलादावर २२० ते २३० अंशांच्या आसपास पिवळा दिसतो, २८० च्या सुमाराला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. टायटॅनियम आणि स्टेनलेस पोलादाला तेच रंग यायला याहून बरंच जास्त तापावं लागतं, पण क्रम तोच.

मॉडेल रंगवणाऱ्याला यातून एक कामाची गोष्ट मिळते. सलग पत्र्यावर निळा थेट चंदेरीला भिडू शकत नाही. गरम जागेपासून थंड जागेकडे जाताना निळ्यानंतर जांभळा, जांभळ्यानंतर तपकिरी, मग पिवळा आणि शेवटी स्वच्छ धातू, हा सगळा प्रवास व्हायलाच हवा, मग तो बोटभर लांबीत होवो की मिलिमीटरभरात. पत्रा जिथे संपतो, सांधा येतो, धातू बदलतो, तिथे मात्र रंग कडक रेषेत तुटू शकतो. मित्राच्या कड्यात निळा, तपकिरी आणि चंदेरी होते. जांभळा आणि पिवळा नव्हते. बघणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ नसतो. पण तापलेली कढई, सायलेन्सर, वेल्डिंगची जागा डोळ्यांनी इतक्या वेळा पाहिलेली असते की एक पायरी गळली तरी काहीतरी खटकतं.

दुसरं कारण अपारदर्शकपणाचं. खरा निळा हा धातूवरचा निळा असतो. त्यातून धातूची चमक येतच राहते. मॉडेलवरचा निळा धातू झाकून बसला होता. म्हणून इथे पारदर्शक रंगच लागतात. मॉडेलचे रंग बनवणाऱ्या तामिया कंपनीचे एक्स-२३ क्लिअर ब्लू, एक्स-२७ क्लिअर रेड, एक्स-२६ क्लिअर ऑरेंज आणि एक्स-१९ स्मोक एवढ्यावर काम निभतं. ॲलक्लॅड या दुसऱ्या कंपनीच्या मालिकेत तापल्या धातूसाठी सेपिया (पिवळसर तपकिरी), व्हायोलेट आणि ब्लू असे तयार पारदर्शक रंग आहेत, तेही चांगले.

आधी जुनं कडं काढायचं होतं. लॅकर थिनरने ते झटक्यात निघालं असतं आणि खालचं पॉलिस्टायरीनही सोबत विरघळलं असतं. त्यामुळे पाण्यात भिजवलेला २००० क्रमांकाचा बारीक पॉलिश पेपर, मग ३०००, हळूहळू. शेपटीच्या या भागावर डिकल नव्हते हे नशीब. पुढच्या पॅनेल लाइनवर टेप लावून बाकीचं अंग झाकलं. टेप लावण्याआधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारला, कारण धातूच्या रंगांची पकड मुळात नाजूक असते आणि टेप काढताना सालपटं निघाली तर दोन कामं वाढतात. काढतानाही टेप वर ओढायची नसते. तिच्याच अंगावर दुमडत, पृष्ठभागाला समांतर सरकवत काढायची.

सगळ्यात खालचा रंग ग्लॉस काळा घेतला नाही. काळा ग्लॉस लागतो तो आरशासारख्या छटांना. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा गडद, राखाडी आणि किंचित उबदार असतं, त्याला गुळगुळीत राखाडी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पुरतो. गुळगुळीतपणावर मात्र तडजोड नाही. धातूचा रंग दोष झाकत नाही, दाखवतो. प्रायमरखाली ६०० च्या कागदाचा एक ओरखडा राहिला तरी चंदेरी चढल्यावर तो उठून दिसतो. प्रायमरवर पोलादी छटेचा लॅकर एअरब्रशने, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, १२ ते १५ पीएसआय इतक्या कमी दाबावर, अगदी पातळ थरांत मारला. मग त्यात थोडा गडद रंग मिसळून काही पॅनेल वेगळी केली, शेजारच्या पॅनेलपेक्षा जेमतेम कळतील एवढीच.

रंग चढवायच्या आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर तेच प्रायमर आणि तोच पोलादी रंग मारून चाचण्या घेतल्या. तिथे एक सापळा हमखास समोर येतो. पारदर्शक पिवळ्यावर पारदर्शक निळा गेला की हिरवा होतो. निसर्गात तसं होत नाही, कारण तिथे दोन रंग एकमेकांवर बसलेले नसतात. एका जागी थर एकाच जाडीचा असतो आणि त्याचा एकच रंग दिसतो. आपण मात्र रंगावर रंग चढवतो. म्हणून निळा नेहमी जांभळ्याच्या आत राहिला पाहिजे, पिवळ्याच्या हद्दीत त्याचा शिंतोडाही जायला नको. आणि पिवळा म्हणून शुद्ध क्लिअर यलो घ्यायचाच नाही. ऑरेंजमध्ये स्मोक मिसळून केलेला सेपिया जास्त खरा वाटतो आणि निळ्याशी कमी भांडतो.

क्रम असा ठेवला. सगळ्यात आधी सेपिया, सगळ्यात रुंद पट्ट्यात. मग तांबड्या आणि निळ्यापासून केलेला जांभळा, त्याहून अरुंद. मग निळा, जांभळ्याच्या मध्यावर, फक्त जिथे पत्रा सर्वात तापणार तिथे. रंग इतके पातळ केलेले की एक फटकारा मारून काही झालं की नाही हे कळू नये. पारदर्शक रंग साठत जातो, आणि ओला असताना तो खरा किती गडद आहे हे दिसत नाही. त्यामुळे पुरेसं दिसायच्या थोडं आधी हात थांबवायचा आणि वाळू द्यायचं. हा धीर एअरब्रशपेक्षा महाग पडतो.

या सगळ्यापेक्षाही जास्त फरक नक्षीने पडला. सुपर सेबरच्या शेपटीचे सेवेतले फोटो नीट पाहिले तर डाग कड्यासारखे गोल नसतात. आतल्या सांगाड्याचा ठसा बाहेर उमटलेला असतो. पत्रा जिथे आतल्या पट्ट्यांना टेकलेला आहे तिथे तो वेगळ्या गतीने तापतो आणि निवतो, म्हणून तिथला रंग शेजारच्या मोकळ्या पत्र्याहून निराळा पडतो. एक पॅनेल तपकिरी, त्याला लागून दुसरं निळसर, मध्ये फिकी पट्टी. यासाठी जाड कागदाचे मुखवटे कापले. पॅनेलच्या सांध्यावर ते घट्ट टेकवले, म्हणजे कडा कडक येते. सांगाड्याच्या पट्टीवर दोन-तीन मिलिमीटर वर धरले, म्हणजे कडा विरते. एकाच मुखवट्याच्या दोन वापरांतून दोन प्रकारच्या सीमा मिळतात, आणि त्या मिश्रणानेच ते चित्र वाटायचं थांबतं.

नळीच्या टोकाच्या पाकळ्यांना वेगळा हिशेब. त्या जवळजवळ चमक हरवलेल्या, तपकिरी-राखाडी. मित्राने त्यांच्या आत मॅट काळा मारला होता, काजळी म्हणून. आफ्टरबर्नरच्या नळीत चुलीसारखी काजळी धरत नाही. तिथे मुख्यत्वे तापून ऑक्साइड झालेला धातू असतो. आतला काळा जळक्या लोखंडाच्या छटेने झाकला आणि पाकळ्यांच्या कडांवर तामिया वेदरिंग मास्टरच्या डी संचातला जळका निळा आणि जळका लाल कोरड्या ब्रशने घासला. ही पावडर बोटाला लागते, म्हणून ती अशाच जागी वापरावी जिथे मॉडेल धरायचा प्रश्न येत नाही.

शेपटीवर क्लिअर कोट दिला नाही. क्लिअर चढला की धातूच्या कणांची चमक दबते, मॅट क्लिअर तर ती मारूनच टाकतो. लॅकर पुरेसा चिवट असतो, आणि इथे त्यावर डिकल लागायचे नव्हते की वॉश (रेषांमध्ये उतरवायचा पातळ गडद रंग) यायचा नव्हता.

अंग

अंगावर उलटं काम होतं. चमक कमी करायची होती, आणि तीही डिकलच्या अवतीभवतीने.

यावर लॅकर मारणं धोक्याचं होतं. खाली क्लिअर होता, त्याच्याखाली डिकल, आणि लॅकरच्या थिनरने दोन्हींना सुरकुत्या पडू शकतात. म्हणून पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक धातुरंग निवडला, वॅलेहो कंपनीच्या मेटल कलर मालिकेतला, ॲल्युमिनियमची फिकट छटा त्यात थोडा राखाडी घालून. तो एअरब्रशसाठी तयारच येतो आणि त्याचे कण फार बारीक असतात. कणांचा आकार हा विषय लोक सोडून देतात. हाताने लावायच्या साध्या चंदेरी रंगातला एखादा कण ३० मायक्रॉनचा धरला, तर ४८ पटीने तो जवळपास दीड मिलिमीटरचा होतो. खऱ्या विमानावर कुणी दीड मिलिमीटरच्या चमक्या लावत नाही. मॉडेल 'चमचम' करतं आणि तरी धातूचं वाटत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

डिकलवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने आकार घेतला, त्यावरून टेपचे मुखवटे कापले. हवाई दलाची ठळक अक्षरं आणि 'एफडब्ल्यू'ने सुरू होणारा क्रमांक असे झाकले. उरलेल्या अंगावर रंगाचं नुसतं धुकं, हात दूर ठेवून. पहिल्या थरानंतर आरसा गेला. पुढच्या थराने अंग रंगवलेलं दिसू लागलं, आणि हवं होतं तेच.

काळ्या पॅनेल लाइनचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. वॉश क्लिअरच्या खाली बंद झाला होता, त्यामुळे व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने तो पुसण्याची सोय नव्हती. धुक्याच्या थरांनी तो राखाडी झाला, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं. मग हलणाऱ्या भागांच्या फटी तेवढ्या पुन्हा गडद केल्या: एलेरॉन, फ्लॅप, मागचा आडवा पंख. तिथे खरोखर मोकळी फट आणि सावली असते. दोन पत्र्यांच्या साध्या सांध्यात तेवढा काळोख नसतो. हा फरक ठेवला की रेषांचं जाळं जाऊन विमान दिसू लागतं.

तपकिरी टवके त्याच धुक्याखाली गेले. त्यांच्या जागी नवीन टवके आणले नाहीत. त्याऐवजी पातळ तैलरंगाने मळ: पंखाच्या मुळाशी, जिथे तंत्रज्ञ पाय ठेवतात, इंधनाच्या झाकणांमागे, वाऱ्याच्या दिशेने ओढलेला, पोटाखाली हायड्रॉलिक तेलाच्या बारीक रेघा. रेघ जमिनीकडे ओघळवायचा मोह होतो. पण विमान उडत असताना गळालेलं तेल मागे जातं, खाली नाही. उभ्या विमानातून पडणारे थेंब वेगळे, ते आकाराने लहान आणि मोजके.

बारके धातूचे भाग

चाकाच्या पायातला आत-बाहेर सरकणारा दांडा कठीण क्रोमचा मुलामा दिलेला असतो आणि सील त्याला सतत पुसत असतं. सगळ्या विमानात एवढाच भाग खरंच आरशासारखा. मोलोटोच्या क्रोम पेनचा एक थेंब तिथे पुरला. बोट लागलं की तो मंदावतो, म्हणून सगळ्यात शेवटी. पाय स्वतः रंगवलेला, सपाट चंदेरी.

स्लॅट हा सुपर सेबरचा छान तपशील आहे. पंखाच्या पुढच्या कडेचे हे तुकडे हवेच्या दाबावर आपोआप आत-बाहेर जात, म्हणून उभ्या विमानात ते बहुधा बाहेर आलेले दिसतात. मित्राने ते बाहेरच ठेवले होते, शाबास. त्यांच्या मागे उघड्या पडणाऱ्या पंखाच्या कडेवर घासून घासून चकाकलेली अरुंद पट्टी दिली. टवके हवेच होते तर ते इथे, आणि चकाकणारे.

तोफांच्या नळ्या नाकाच्या खालच्या बाजूला, २० मिलिमीटरच्या चार. तोंडाशी गडद पोलादी, मागे थोडी धुराची झाक, करड्या तपकिरी छटेची. काळा टाळला.

एका टाकीवर प्रायमरखालचा ओरखडा दिसत होता. ती टाकी वेगळी काढता येत होती, म्हणून ती पुन्हा घासून पहिल्यापासून रंगवली. दुसऱ्या टाकीला हात लावला नाही, त्यामुळे दोन टाक्यांच्या छटेत आता किंचित फरक आहे. टाक्या विमानाबरोबर जन्मलेल्या नसतात, काढून बदलल्या जातात. हा फरक मी मुद्दाम राहू दिला.

कुठे पोचलं

शेपटी सुधारली यात वाद नाही. खिडकीजवळ फिरवली की निळा एका कोनात उजळतो आणि दुसऱ्या कोनात नाहीसा होऊन खालचा पोलादी दिसतो. अपारदर्शक रंगात हे कधीच मिळालं नसतं. डाव्या बाजूला एका पॅनेलवर सेपियाची कडा जरा जास्त सरळ आलीय, मुखवटा फार जवळ धरला गेल्याने. ती तशीच आहे. दुरुस्त करायला गेलो असतो तर त्या पॅनेलवर आणखी एक थर साठला असता आणि ते शेजाऱ्यापेक्षा गडद झालं असतं.

अंगाबद्दल मित्राचं मत वेगळं आहे. त्याला जुनी चमक थोडी हवी होती. "कपाटात ठेवल्यावर लक्ष वेधायला हवं रे," तो म्हणतो. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. १/४८ चं मॉडेल फुटावरून बघणं म्हणजे खरं विमान ४८ फुटांवरून बघणं, आणि तेवढ्या अंतरावरून लॅकरची चमक पूर्ण मरत नाही. पण शेपटी धातूची वाटते ती अंग सपाट आहे म्हणूनच. दोन्ही चकचकीत केले तर दोन्ही रंगच वाटतील. शेवटी पाठीच्या कण्यावर, उजेड सरळ पडतो तिथे, सॅटिन क्लिअरचा एक हलका हात देऊन तडजोड केली.

शेपटीच्या उजव्या बाजूचा निळा त्याला अजूनही डाव्यापेक्षा कमी वाटतो. कमी आहेच. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या जुळवल्या की डाग नक्षी होऊन बसतात, म्हणून मी तिथे हात थांबवला. त्याला वाढवायचा असेल तर त्याने स्वतः वाढवावा असं ठरलं: निळा आणखी पातळ करून, कागद वर धरून, जांभळ्याच्या हद्दीतच, आणि त्याआधी चमच्यावर.